बोरपाड्याची पवनचक्की

मला राग लवकर येतो, हे म्हसावदमध्ये कोणालाही विचारा. बसस्टॉपपर्यंत ओरडणं ऐकू आलं की लोक समजतात, लोटन मिस्तरीचं वेल्डिंगचं दुकान उघडलं. माझी बायको शीला म्हणते, तुमच्या वेल्डिंगला आणि तुमच्या तोंडाला, दोन्हींना काळा चष्मा लागतो. म्हणू दे. पण हेमराज माझ्याकडं कामाला होता तोवर त्याच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. तशी वेळच त्यानं येऊ दिली नाही. आता तो नाही, तर रोज ओरडतो. दुकानात एकटा असलो की त्याला शिव्या देतो. गाढवा, म्हणतो, तुला तोंड नव्हतं का रे?

हेमराज म्हणजे बोरपाड्याच्या बाज्या पावराचा एकुलता एक मुलगा. राणीपूरवरून तोरणमाळचा घाट चढायचा, जीप जाते तिथवर जायचं, आणि पुढं पायी डोंगराची धार धरायची, की बोरपाडा. तिथं घरं एका जागी नाहीत. एक या टेकाडावर, एक त्या उतारावर, मधे ज्वारी-उडदाची शेतं. विजेचे खांब अजून खालच्या गावातच थांबलेत. कोणीतरी एकदा घरांवर सोलरच्या पाट्या लावून दिल्या होत्या. आमच्याकडं खाली त्या झकास चालतात. वर मात्र पावसाळा लागला की असं धुकं बसतं की अंगणातला बैल दिसत नाही. सूर्य आठवडेच्या आठवडे गायब. पाट्या नुसत्या पावसात धुऊन निघायच्या. आणि नेमके त्याच दिवसांत साप घरात शिरतात, बिबट्या शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत येतो. हेमराजची धाकटी बहीण अशीच एका पावसाळ्यात गेली. अंधारात पाणी प्यायला उठली आणि पाय सापावर पडला. घरात दिवा असता तर पोरगी वाचली असती, असं त्याची आई दिवलीबाई अजून म्हणते.

हेमराज शहाद्याला आयटीआयला वायरमनचं शिकला आणि माझ्या दुकानात आला. आमची अहिराणी त्यानं अशी उचलली की गिऱ्हाईक विचारायचं, हा कोणत्या गावचा पाटील? एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "आप्पा, ऊन नही ते नही. वारा तं शे ना आमना कडे!"

झालं. त्याच्या डोक्यात जे घुसलं ते निघेना. शिवणीच्या लाकडाची तीन पाती त्यानं स्वतः तासली, रंधा मारून मारून. जुन्या जीपच्या चाकाचा हब भंगारातून आणला, त्यावर चुंबकं बसवली, तारेची वेटोळी गुंडाळली. मी म्हटलं, "हाई काय चाली ऱ्हायनं? दुकान शे का खेळघर?" म्हटलं, पण खांब मीच करून दिला. चाळीस फुटी लोखंडी खांब, त्याला चारही बाजूंनी तारेचे ताण, आणि तळाला मोठी बिजागरी. ही बिजागरी महत्त्वाची. या खांबावर चढायचंच नाही. वर काही बिघडलं तर ताण सैल करून आख्खा खांबच दोरानं हळूहळू आडवा करायचा, काम करायचं, परत उभा करायचा. फक्त त्याला माणसं लागतात. एका बाजूनं दोर ओढणारी, दुसऱ्या बाजूनं दोर धरून सोडणारी. पाच-सहांचं ते काम नाही.

बोरपाड्याला माणसांची वाण नव्हती, कारण त्यांच्यात लाहा आहे. लाहा म्हणजे असं, की कोणाचं घर शाकारायचं असलं, बांध घालायचा असला, निंदणी उरकायची असली, की तो माणूस टेकाडावर उभा राहून आरोळी देतो. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येतं. मजुरी नाही, काही नाही. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं, आणि दुसऱ्यानं आरोळी दिली की आपण जायचं. बाज्यानं आयुष्यभर कोणाचा लाहा चुकवला नव्हता. त्यानं आरोळी दिली आणि सगळा पाडा उतरला. मी तिथं होतो. ढोल वाजत होता, बाया गात होत्या, आणि माझा खांब उभा राहिला. पाती फिरायला लागली तेव्हा दिवलीबाईनं माझ्या हातात मोहाच्या फुलांचा लाडू दिला. मी रडलो, हे शीलाला अजून माहीत नाही.

त्या पावसाळ्यात धुक्यातही बोरपाड्यात दिवे होते. गोठ्यांपुढं बल्ब लागले. कोणाला साप चावला नाही.

मग हेमराज परत माझ्याकडं आला. लग्न झालं होतं, गायत्री वर घरी असायची. हा सणवाराला जायचा, पण कामात जीव रमायचा त्याचा. मीच कितीदा म्हणायचो, जा रे घरी, बाप वाट बघत असेल. तर हसायचा, "मी जाई येस ना, आप्पा." तिकडं बाज्याचा गुडघा सुजला तो सुजलाच. दगड उचलणं, उतार चढणं बंद झालं. शेत गायत्री आणि दिवलीबाई दोघी ओढायच्या.

यंदा वैशाखात तो घरी गेला. पवनचक्कीचं बेअरिंग करकरतंय, असं गायत्रीनं फोनवर सांगितलं होतं. पावसाच्या आत बदलायला पाहिजे, नाहीतर धुक्याचे चार महिने अंधारात. नवं बेअरिंग मीच दिलं. दोन दिवसांनी फोन आला तो करणसिंगचा, त्यांच्या पाड्याच्या कारभाऱ्याचा. हेमराज खांबावर चढला होता. पाती त्यानं बांधली होती, पण वारा फिरला, वरचं डोकं गर्रकन वळलं, आणि वाऱ्याची दिशा धरणाऱ्या शेपटीचा पत्रा त्याच्या छातीवर बसला. कमरेचा दोर तुटला. खाली दगड होता.

मयतीला गेलो तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं? चाळीस फुटांचा खांब, न चढण्यासाठी केलेला, आणि त्यावर चढून माझा पोरगा मेला. घाट उतरताना मात्र डोक्यात एकच भुंगा. आख्खा पाडा असताना हा एकटा का चढला? कोणी कसं आलं नाही? या माणसांनी खांब उभा करताना पोटभर जेवायचं, आणि आडवा करायच्या वेळी पाठ फिरवायची? मी बोरपाड्याच्या नावानं दात खाऊन होतो.

जेठ लागला आणि बाज्यानं निरोप धाडला. लोखंड कापायचं मशीन घेऊन या, पवनचक्की मुळापासून कापायची आहे.

बॅटरीवरचा ग्राइंडर पाठीला लावून मी चढलो. वारा सुटला होता, पण ढग अजून लांब होते. खांब दुरूनच दिसला. पाती हेमराजनं जशी दोरीनं बांधली होती तशीच होती, आणि वाऱ्यात दोरी ताणून थरथरत होती. बाज्या ओट्यावर बसला होता, गुडघ्याला पाला बांधून. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "मिस्तरी, काप."

आतून दिवलीबाई आली. ती त्यांच्या पावरी बोलीत बोलते, मला अर्धंमुर्धं कळतं, पण हे सगळं कळलं. ती म्हणाली, "कापायचं नाही. पोरगी अंधारात गेली. पोरगा उजेडासाठी गेला. आता तू परत अंधार करणार? मग दोघं कशाला गेली माझी?"

"त्यानं माझा पोर खाल्ला," बाज्या म्हणाला. "मला ते रोज डोळ्यापुढं नको."

"मला पाहिजे. फिरताना पाहिजे. बांधलेलं नको."

दोघं एकमेकांकडं न बघता भांडत होते. नवराबायकोला असं भांडताना मी कधी बघितलं नव्हतं, आवाज नाही, काही नाही. मला मधे पडणं आलं. मी बाज्याला सांगितलं, "भाऊ, कापायचा असो की दुरुस्त करायचा असो, आधी आडवा करावा लागेल. उभा कापला तर तुझ्याच घरावर पडेल. लाह्याची आरोळी दे."

बाज्यानं गुडघ्यावरचा पाला घट्ट केला.

"दे ना आरोळी."

"मी देणार नाही."

"काबरं? येत नहीत का कोनी?"

त्यानं तोंड फिरवलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून हसण्याचा आवाज आला. बघतो तर करणसिंगच्या घरावर माणसंच माणसं. जुनी कौलं उतरवत होते, बाया खालून हातोहात देत होत्या, पोरं ओरडत होती. लाहा चालला होता. आख्खा पाडा तिथं, आणि या घरचं कोणीच नाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. ग्राइंडर तिथंच टाकला आणि उतार चढून गेलो, धापा टाकत. शेताच्या बांधावरूनच सुरू झालो. "अरे, लाजा वाटत नहीत का? घरं शाकारतात, हसतात! आनं तो एकटा खांबवर चढना तव्हय तुम्ही बठ्ठा मरी गयथात का? मन्हा बी पोऱ्या व्हता तो!"

छपरावरची माणसं जागच्या जागी थांबली. करणसिंग शिडीवरून खाली आला. माझ्याहून दांडगा माणूस, पण हात जोडून उभा राहिला. "मिस्तरी, त्यानं आम्हाला हाक नाही मारली. आम्ही इथंच होतो त्या दिवशी. रेवजीच्या शेतात बांध घालत होतो, तो बघ, तिथं." त्यानं बोट दाखवलं. बाज्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. "हेमराज खांबापाशी जाताना आम्हाला दिसला. मी हात केला. त्यानंही हात केला. वाटलं, तेल-पाणी करायला चाललाय, आणि परत मान खाली घालून दगड लावायला लागलो. मग एकदम गायत्री किंचाळली."

"खोटं बोलू नको."

"खोटं नाही, आप्पा," मागून आवाज आला. गायत्री माझ्या मागोमाग धावत आली होती. आप्पा म्हणायचं तिनं हेमराजकडूनच घेतलं असणार. तिचा श्वास लागला होता. "मी त्यांना म्हटलं होतं, हे सगळे इथंच आहेत, हाक मारा. मी मारू का, म्हटलं. ते म्हणाले, नको."

"नको? का नको?"

ती सगळ्यांसमोर बोलायला तयार नव्हती. पदर चावत उभी राहिली. मी पुन्हा विचारलं, या वेळी हळू. मग तिनं सांगितलं. हेमराज म्हणाला होता, आपल्या घरातून दोन वर्षं कोणी कोणाच्या लाह्याला गेलं नाही. रेवजीचा बांध चाललाय, तिथंसुद्धा आपलं कोणी नाही. बाबाचा गुडघा गेलाय, मी म्हसावदला. ज्यांच्या कामाला मी हात लावला नाही, त्यांना कोणत्या तोंडानं बोलवू? या खेपेला मीच करतो. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या लाह्याला जाईन, आणि मग बोलवीन.

"मी खाली उभी होते, पाने-पक्कड धरून," गायत्री म्हणाली. "ते वरून म्हणाले, झालंच, आता झाकण राहिलं फक्त."

करणसिंग मटकन खाली बसला. शिडीपाशी उभी असलेली म्हातारी गजराबाई डोक्यावर हात मारून घेत म्हणाली, "अरे पोरा, कोण मोजत होतं? कोण मोजत होतं रे?" आणि तिनं जो हंबरडा फोडला, तसा मी मयतीलाही ऐकला नव्हता. मला कळेना, मी कोणावर ओरडायचं. ज्यांच्यावर दात खाऊन आलो होतो ते सगळे रडत होते.

आरोळी शेवटी दिवलीबाईनं दिली. बाज्याच्या अंगणातून, तोंडाशी दोन्ही हात धरून. बाईमाणसाची आरोळी मी तिथं पहिल्यांदा ऐकली. तिला काही देणंघेणं, मोजमाप सुचलं नाही. पोराची आई होती ती, तिनं बोलावलं. आणि करणसिंगचं घर तसंच उघडं टाकून, अर्धं छप्पर आभाळाकडं वासलेलं, सगळा पाडा उतार उतरून आला. ढोल नव्हता, गाणं नव्हतं.

मी दोर बांधले. एक टोक या बाजूला, एक त्या बाजूला. ताण सैल केले. म्हातारे होते, बाया होत्या, गजराबाईसुद्धा दोराला लागली. बाज्या ओट्यावरून हलला नाही. मी म्हटलं, "हळू. मी सांगेन तसं." खांब एकदा करकरला, झुकला, आणि माणसांच्या हातून दोर सरकत सरकत तो खाली यायला लागला. कोणाला जोर लावावा लागला नाही. झोपलेल्या पोराला खांद्यावरून खाटेवर ठेवावं तसा आडवा झाला. पाती मातीला टेकली. चहाला आधण यावं, तेवढ्या वेळात सगळं झालं.

मी वरच्या डोक्यात बघितलं. नवं बेअरिंग जागेवर होतं, ग्रीस भरलेलं, नट आवळलेले. एकही नट सैल नाही. खरंच फक्त झाकण राहिलं होतं.

बाज्या उठला. लंगडत आला, हातात कुऱ्हाड होती. पाती फोडायलाच आला होता तो, त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लोक बाजूला झाले. पण दिवलीबाई आडव्या खांबापाशी उभी होती. ती खांबाकडं बघत होती, दोर धरलेल्या लोकांकडं बघत होती, परत खांबाकडं. काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"झालं?" तिनं मला विचारलं.

"झालं, बाई."

"एवढंच होतं?"

मी झाकण हातात घेतलं.

ती नवऱ्याकडं वळली. "एवढंच होतं हो? एक हाक? त्यानं एक हाक मारली असती, तर एवढंच होतं?"

बाज्याच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. "मीच शिकवलं त्याला," तो म्हणाला. "लहान होता तेव्हापासून सांगायचो. ज्याच्या लाह्याला गेला नाहीस, त्याला हाक मारायची नाही. मी सांगितलेलं त्यानं दुसरं काही ऐकलं नाही. एवढंच ऐकलं." आणि तो तिथंच, खांबाला पाठ लावून बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. करणसिंग त्याच्या शेजारी जाऊन बसला. दिवलीबाई उभीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं.

झाकण मी बसवलं. चार स्क्रू होते. पात्यांची दोरी सोडताना गाठ सुटेना, त्याची गाठ पक्की असायची, शेवटी गायत्रीनं दातांनी सोडवली. खांब उभा करायचा का, असं मी कोणालाच विचारलं नाही. बाज्या स्वतःच उठला आणि दोराच्या सगळ्यात पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला, त्या सुजलेल्या गुडघ्यावर. कोणी त्याला नको म्हटलं नाही.

खांब उभा राहिला. वारा होताच. बेअरिंगचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं चांगलं बसवलं होतं पोरानं. दिवलीबाईनं रीतीप्रमाणं सगळ्यांना जेवायला थांबवलं, भाकरी आणि उडदाची डाळ. प्रत्येकाला वाढताना ती तेच विचारत होती, आमच्या घरचं कोणी तुमच्याकडं आलं नाही म्हणून तुम्ही रागावला होता का? आणि प्रत्येक जण ताटावरून मान हलवून नाही म्हणत होता. तरी ती पुढच्याला परत विचारायची. मला वाढायला आली तेव्हा मलाही विचारलं.